शब्दचर्चा: प्रोबवरच्या '१० एक्स'ला मराठीत काय म्हणावं?

मापनवही (विश्रामबाग, सांगली)

आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी शाळेतल्या आणि डिप्लोमाच्या मुलांना हौशी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यांच्यासाठी मी दोन पानांचं टिपण लिहिते आहे: कमी पैशात ऑसिलोस्कोपचा (बदलता व्होल्टेज पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायची त्याची वायर, कशी निवडावी. मुलं काटकसर करून जुना किंवा लहान स्कोप घेतात, सोबतचा प्रोब मोडका निघतो, मग नवा घ्यायची वेळ येते. दुकानात आणि ऑनलाइन सगळीकडे एकच मजकूर असतो: '१ एक्स / १० एक्स, १०० मेगाहर्ट्झ'. त्याचा अर्थ मराठीत नीट सांगावा एवढंच मला करायचं आहे.

अडले ते '१० एक्स'वर. मुलं सरळ 'दहापट' वाचतात. दुर्बिणीवर किंवा कॅमेऱ्याच्या झूमवर '१० एक्स' असतं तेव्हा वस्तू दहापट मोठी दिसते, म्हणून इथेही सिग्नल दहापट मोठा होईल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो दहापट लहान होऊन स्कोपमध्ये जातो. 'दशांश' लिहावं का? 'लोडिंग', 'कंपेन्सेशन', 'बँडविड्थ' यांनाही तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा. पुस्तकी यादी नको, कामाच्या जागी तोंडात असलेला शब्द हवा.

कुपवाड बेंच

ताई, आमच्याकडे एमआयडीसीत ड्राइव्ह आणि कंट्रोल कार्ड दुरुस्तीला येतात. बेंचवर आम्ही 'दहाचा प्रोब' आणि 'एकचा प्रोब' म्हणतो. प्रोबवरचं १ एक्स-१० एक्सचं बटन सरकवायचं असेल तर 'दहावर टाक'. एवढ्यात काम होतं, पण नवीन पोराला अर्थ सांगावाच लागतो.

दहावर टाकलं की प्रोबच्या टोकात ९ मेगोहमचा रेझिस्टर वाटेत येतो. स्कोपचा स्वतःचा रेझिस्टन्स १ मेगोहम. नऊ आणि एक मिळून दहा, त्यातला एकाच्या वाट्याला आलेला व्होल्टेज स्कोप बघतो. म्हणजे ५ व्होल्टचे ०.५ व्होल्ट. स्कोपच्या मेनूत त्या चॅनेलला '१० एक्स' निवडलं की तो आकडा परत दहाने गुणून ५ दाखवतो. बटन एकीकडे आणि मेनू दुसरीकडे राहिला की पोरं अर्धा दिवस सप्लाय तपासत बसतात. तुमच्या टिपणात ही ओळ ठळक टाका.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

'दशांश'ला माझा विरोध आहे. शाळेत 'दशांश चिन्ह', 'दशांश अपूर्णांक' शिकलेल्या मुलाला 'दशांश प्रोब' म्हटलं की टिंबानंतरचे आकडे आठवतील. त्याच्याशेजारी एक चांगला शब्द पडून आहे: 'दशमांश', म्हणजे दहावा हिस्सा. त्यात दुसरा अर्थ शिरत नाही.

हिस्स्याचे शब्द आपल्या भागाला नवीन नाहीत. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ मध्ये, दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आल्या. चौथाई म्हणजे चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. साताऱ्याच्या मुलांना हे इतिहासात असतंच. 'हा प्रोब स्कोपला फक्त दहावा हिस्सा देतो' म्हणा, 'पट'चा गोंधळ तिथेच संपेल.

मापनवही

'दशमांश' फार आवडला. लिहिताना 'दशमांश', बोलताना 'दहाचा', दोन्ही चालतील. 'दहापट' मात्र टिपणात कुठेच येणार नाही.

द्राक्षबाग (तासगाव)

माझा प्रश्न वेगळा आहे. मी ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी कंट्रोलर बनवतोय. एटीमेगा ३२८ या कंट्रोलर चिपला ठोके देणारा बाहेरचा १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टल जोडला आहे. क्रिस्टलच्या पायाला प्रोब एकवर ठेवून लावला की चिप बंद पडते, काढला की चालू होते. दहावर ठेवला तर बहुतेक वेळा चालू राहते. एकाने सांगितलं 'लोडिंग होतंय'. पण लोड म्हणजे मोटरचा, पंपाचा. तारेच्या टोकाचा कसला लोड?

कुपवाड बेंच

लोडच तो, फक्त बारीक. क्रिस्टलच्या दोन्ही पायांना तू २२ पिकोफॅरडच्या आसपासचे कॅपॅसिटर लावले असशील. प्रोब एकवर असताना त्याची केबल आणि स्कोप मिळून साधारण १०० पिकोफॅरड होतात, ते तू त्या २२ च्या शेजारी नेऊन जोडलेस. क्रिस्टलला ते झेपत नाही. दहावर ठेवल्यावर टोकाशी साधारण १५ पिकोफॅरडच दिसतात. तेही क्रिस्टलला थोडे जाणवतात, म्हणून 'बहुतेक वेळा'.

आणि '१० मेगोहम' वाचून हुरळू नकोस. तो आकडा डीसीचा आहे. १० मेगाहर्ट्झला १५ पिकोफॅरडचा अडथळा हजारभर ओहमच उरतो. स्वस्त प्रोब घेताना पाकिटावरचे हे पिकोफॅरड बघणारा माणूस क्वचित भेटतो, पण मी आधी तेच बघतो. मेगाहर्ट्झ नंतर.

अजिंक्यताऱ्याखाली

'लोडिंग'ला 'भार' म्हणा. 'प्रोबचा भार सर्किटवर पडतो' हे वाक्य मराठीत सरळ उतरतं. 'दाब पडतो' नको, विद्युतदाब आधीच व्होल्टेजच्या नावावर आहे.

वायरमन (मिरज)

एक शब्द सगळ्यांनी सोडला आणि जीव त्याच शब्दावर आहे, म्हणून जरा लांब लिहितो. प्रोबच्या बाजूला काळी वायर आणि क्रोकोडाइल क्लिप असते, तिला काय म्हणता? आमच्याकडची पोरं 'मायनस' म्हणतात. कारण मल्टिमीटरची काळी वायर मायनसला लावायची सवय. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याची काळी वायर कुठेही लावली तरी चालते. घरच्या प्लगवर चालणाऱ्या साध्या स्कोपचं तसं नसतं. ती क्लिप बीएनसीच्या (प्रोब स्कोपला जोडायच्या कनेक्टरच्या) बाहेरच्या कड्यातून स्कोपच्या बॉडीला आणि तिथून थ्री-पिनच्या अर्थला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेली असते. ती 'मायनस' नाही, ती अर्थ आहे. टिपणात 'अर्थची क्लिप' असंच लिहा, 'ग्राउंड'सुद्धा नको, कारण सर्किटच्या कुठल्याही कॉमन पॉइंटला लोक ग्राउंड म्हणतात.

मोबाइलच्या चार्जरची किंवा एलईडी ड्रायव्हरची मेनकडची बाजू उघडून तिच्या 'मायनस'ला ही क्लिप लावली की थेट अर्थला शॉर्ट. ठिणगी उडेल, ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) जाईल, कदाचित स्कोपही जाईल, आणि हात कुठे होता यावर पुढचं. पंपाच्या स्टार्टरच्या आत तर अजिबात नको, तासगावच्या भावाने हे खास वाचावं. आपली २३० व्होल्टची लाइन शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टला जाते. प्रोबवर '६०० व्होल्ट' छापलेलं असतं ते टोकासाठी, क्लिपसाठी नाही. दोन चॅनेलच्या दोन क्लिपा आतून एकच असतात, त्या दोन वेगळ्या ठिकाणी लावल्या तर ती ठिकाणं एकमेकांना जोडली जातात.

काही जण उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढतात. कृपा करून कुणी करू नका. मग स्कोपची सगळी बॉडीच लाइव्ह होऊ शकते. मेनवर मोजायचंच असेल तर डिफरन्शिअल प्रोब असतो, तो महाग आहे. हौशी माणसाने सुरुवातीला अडॅप्टरच्या पलीकडच्या कमी व्होल्टेजमध्येच राहावं.

मापनवही

काका, हे जसंच्या तसं घेते. 'अर्थची क्लिप' नक्की.

द्राक्षबाग

स्टार्टरचं वाचलं काका, तिकडे स्कोप नेणार नाही. आता खरेदीचं सांगा. माझा स्कोप ५० मेगाहर्ट्झचा आहे. ६० चा प्रोब घेऊ की १०० चा?

कुपवाड बेंच

दोन्हींच्या किमतीत फार फरक नसेल तर १०० चा. साधे १०० मेगाहर्ट्झचे बटनवाले प्रोब काही शे रुपयांत मिळतात, नावाजलेल्या कंपनीचे हजारांत जातात. शिकाऊ कामाला साधे पुरतात. 'बँडविड्थ'चा अर्थ मात्र समजून घे. १०० मेगाहर्ट्झचा प्रोब म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीला सिग्नल पूर्ण येतो असं नाही, तिथे तो उतरून ७० टक्क्यांच्या आसपासच उरलेला असतो. प्रोब आणि स्कोप दोघेही आपापली घट करतात, म्हणून ५० ला ५० जोडला तर मिळून ५० सुद्धा हाती येत नाहीत.

आणि पाकिटाच्या पुढे छापलेले १०० फक्त दहावरचे. एकवर तोच प्रोब ६ मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो. ते आत, घडी घातलेल्या कागदावर बारीक लिहिलेलं असतं. सप्लायमधला काही मिलिव्होल्टचा रिपल (बारीक चढउतार) बघायला एकचा उत्तम, बाकी प्रोब दहावरच राहू दे.

अजिंक्यताऱ्याखाली

'पट्टरुंदी' हा शब्द आहे, पण तो मी सुचवणार नाही. इंटरनेटमुळे 'बँडविड्थ' घरोघरी पोहोचला आहे. शास्त्रातला प्रत्येक शब्द बदलण्याचा हट्ट नको, जिथे रुळलेला शब्द फसवतो तिथेच बदलावा. 'दहापट' फसवतो, 'मायनस' फसवतो. 'बँडविड्थ' आणि 'प्रोब' राहू द्या.

मापनवही

पटलं. राहिलं 'कंपेन्सेशन'. एका जुन्या टिपणात 'भरपाई' दिसलं.

वायरमन (मिरज)

सांगली-मिरजेत 'भरपाई' म्हटलं की २०१९ चा पूर आणि तलाठी कार्यालय आठवतं. 'जुळणी' म्हणा. 'प्रोब स्कोपशी जुळवून घे' असंच आम्ही म्हणतो.

कुपवाड बेंच

जुळणीच. स्कोपच्या पुढे १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल देणारी पट्टी असते, तिथे दहावर ठेवलेला प्रोब लावायचा आणि प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या पेचकसने फिरवायचा. कोपरा गोल असेल तर जुळणी कमी, कोपऱ्यावर शिंग निघालं तर जास्त. सपाट झाला की झालं. प्रोब दुसऱ्या चॅनेलला लावला तरी परत बघायचं.

खरेदीआधी एक गोष्ट ताडून बघा. स्कोपच्या बीएनसीजवळ '१ मेगोहम, अमुक पिकोफॅरड' छापलेलं असतं. प्रोबच्या माहितीत जुळणीची मर्यादा दिलेली असते, उदाहरणार्थ १० ते ३५. स्कोपचा आकडा त्यात बसत नसेल तर स्क्रू कितीही फिरवा, कोपरा सरळ होणार नाही. जुना स्कोप घेणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

द्राक्षबाग

माझ्या स्कोपवर २० लिहिलंय, म्हणजे बसतो. पाकिटात एक छोटी स्प्रिंगही येते म्हणे, ती कशाला?

कुपवाड बेंच

फेकू नकोस. अर्थची वायर वीतभर लांब असते, तिचं इंडक्टन्स आणि टोकाचे पिकोफॅरड मिळून १०० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमतात. मग सर्किटमध्ये नसलेली थरथर पडद्यावर दिसते. टोकाची टोपी काढून ती स्प्रिंग कड्यावर बसवली की अर्थ अर्ध्या इंचावर येतो. प्रोब निवडताना स्प्रिंग सोबत आहे ना ते बघ, नसेल तर जाड तारेची वळवून करता येते. आम्ही तिला 'आखूड अर्थ' म्हणतो.

मापनवही

'आखूड अर्थ' घेतला. टिपणात आता क्रम असा: दशमांश, भार, अर्थची क्लिप, जुळणी, आखूड अर्थ. किमतीचा परिच्छेद शेवटी. उद्या छापायला देते, चूक दिसली तर आज रात्रीपर्यंत कळवा.