वृत्तपत्राला किती पाने असावीत, हे सरकारने ठरवावे का?

पेठेतला वाचक (धागाकर्ता):
राज्यव्यवस्था आणि वृत्तपत्रे हा विषय निघाला की चर्चा थेट सेन्सॉरपाशी जाते. माझ्या मते खरी परीक्षा पाने आणि किंमत कोण ठरवतो, यात होते. केंद्र सरकारने १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश काढून दैनिकांची पानसंख्या किमतीशी बांधली. बड्या पत्रांपुढे लहान पत्रे टिकावीत, हा त्यामागचा जाहीर हेतू होता. पुण्याच्या ‘सकाळ’ला मात्र पाने कमी करा नाहीतर किंमत वाढवा, एवढेच पर्याय उरले. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला, वाचकांनीही याचिका केल्या, आणि १९६१ मध्ये न्यायालयाने कायदा व आदेश घटनाबाह्य ठरवले; मजकुराप्रमाणेच खपही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, अशी त्यामागची भूमिका होती. सोव्हिएत रशियात असा खटला उभाच राहिला नसता. नोव्हेंबर १९१७ मध्ये लेनिनच्या सरकारने विरोधी पत्रे बंद करण्याचा हुकूम काढला, तो तात्पुरता असल्याचेही सांगितले, आणि पुढे कागदापासून वितरणापर्यंत सगळे पक्षाच्या ताब्यात गेले.

शाईचे डाग:
आपण दोन टोके निवडली आहेत, त्यामुळे निष्कर्ष सोपा झाला. ‘सकाळ’ प्रकरणातील तत्त्वाचा पुढचा लाभ कोणाला झाला? १९७२ मध्ये बेनेट कोलमन (‘टाइम्स ऑफ इंडिया’ची मालक कंपनी) प्रकरणात सरकारच्या वृत्तपत्री कागदवाटपाच्या धोरणातील दहा पानांची मर्यादाही रद्द झाली. तेथे न्या. मॅथ्यू यांनी भिन्नमत नोंदवले, आणि मला तेच अधिक विचारप्रवर्तक वाटते, कारण त्यांनी मालकाच्या स्वातंत्र्यासोबत विविध मते ऐकण्याच्या समाजाच्या हिताचाही विचार केला. शिवाय त्याच संविधानाखाली जून १९७५ मध्ये दिल्लीतील छापखान्यांची वीज तोडली गेली, पूर्वतपासणी लागू झाली आणि १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ उभी केली गेली.

पेठेतला वाचक:
आणीबाणीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. संपादक मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद असतानाही न्यायालयाने १९७६ मध्ये सेन्सॉरचे आदेश रद्द केले, कारण सेन्सॉरने नियमांनी दिलेल्या अधिकाराच्या पलीकडे जाऊन बंदी घातली होती. व्यवस्था कितीही वाकली, तरी अधिकाऱ्याला नियमाचा आधार दाखवावा लागला, हा फरक मला मोठा वाटतो.

कोकणकडा:
एक भर घालतो. संसदेतील कामकाजाचे वृत्त निर्धास्तपणे छापता यावे म्हणून फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक मांडून १९५६ मध्ये कायदा करून घेतला होता. त्यांच्या पत्नीच्याच सरकारने आणीबाणीत तो रद्द केला (नियतीने याहून टोकदार विनोद क्वचितच केला असेल) आणि १९७७ मध्ये जनता सरकारने तो पुन्हा आणला. तेव्हा सत्तांतर होऊ शकणे, हेही न्यायालयाइतकेच मोलाचे आहे.

शाईचे डाग:
सत्तांतराचा मुद्दा मान्य; मसानींच्या खटल्याचे वजन मात्र आपण वाढवून सांगत आहात. बहुतेक मोठी दैनिके त्या वाटेने गेली नाहीत. कागदाचा कोटा, सरकारी जाहिराती आणि मालकांच्या अन्य उद्योगांचे परवाने सरकारच्या हाती असताना त्यांनी झगडा टाळला. नियतकालिकाच्या संपादकाला न्यायालय गाठता येणे आणि उद्योगपतीच्या दैनिकाने ते गाठणे, यांत अंतर आहे, आणि ते संविधानातील कोणत्याही अनुच्छेदाने आजवर भरून काढलेले नाही.