सोरॉरिटीतलं एक वर्ष : ‘नटव्यांचा क्लब’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

चिंचगुळाची आमटी

परवा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी लांबलचक पोस्ट टाकली. सार असं, की सोरॉरिटी (अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या, निवडून सदस्य घेणाऱ्या संघटना) म्हणजे श्रीमंत गोऱ्या मुलींचा नटव्यांचा क्लब, तिथे पैसे मोजून मैत्रिणी मिळतात, आणि आपल्या मुलींना तिथे जाऊ देणाऱ्या आईबापांना अमेरिकन व्हायची घाई झाली आहे. खाली अठ्ठावीस अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. (त्याच्याशी घरी बोलणं झालेलं आहे.)

तिथे उत्तर दिलं असतं तर गणपतीत माझ्या पंगतीला कोणी बसलं नसतं, म्हणून इथे लिहिते. माझी लेक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात आहे. गेल्या ऑगस्टात रश केलं (म्हणजे निवडीसाठी घरोघर भेटी), बिड (आत येण्याचं आमंत्रण) मिळाली, मे महिन्यात वर्ष झालं. काकांनी सोरॉरिटीचं घर आजवर गाडीच्या काचेतून पाहिलंय.

२०२१ मध्ये अलाबामाच्या मुली टिकटॉकवर रोजचे कपडे दाखवायला लागल्या, तेव्हापासून सगळ्यांना रशची माहिती आहे. कपडे असतात, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त हाल घशाचे होतात. दिवसाला आठ-दहा घरं, बाहेर भाजून काढणारं ऊन, आत शंभर मुली एकदम किंचाळतायत, आणि दर चार-पाच मिनिटांनी समोरची मुलगी बदलून तेच प्रश्न : गाव कुठलं, मेजर काय, सुट्टीत काय केलंस. तिसऱ्या रात्री फोनवर घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आई, आत्याने सांगितलेले कांदेपोहे हेच का गं?” मी म्हटलं, तुला निदान पोहे करावे लागत नाहीत. शेवटची फेरी प्रेफरन्सची, मेणबत्त्या आणि रडारड. मग दोन्हीकडून पसंतीच्या याद्या जातात, संगणक जोड्या लावतो, आणि तोवर सदस्य मुलींनी या मुलींशी चकार शब्द बोलायचा नाही.

मग बिड डेला सगळ्या मैदानातून धावत सुटतात आणि लोकांची माहिती तिथेच संपते. पुढचे नऊ महिने कोणी टिकटॉकवर टाकत नाही, कारण ते रटाळ असतात. दर आठवड्याला चॅप्टरची (म्हणजे सोरॉरिटीच्या तिथल्या शाखेची) मीटिंग, दांडी मारली की दंड. लायब्ररीत बसल्याचे तास मोजून दाखवायचे. ग्रेड घसरले की फॉर्मलला (नटूनथटून जायच्या पार्टीला) बंदी. ऑक्टोबरात होमकमिंगसाठी, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या सोहळ्यासाठी, पॉम्पिंग, म्हणजे टिश्यूची सजावट. मी पालकांच्या वीकेंडला गेले होते, मलाही बसवलं. टिश्यूचा चौकोन पेन्सिलीच्या मागच्या टोकाला गुंडाळायचा, डिंकात टेकवायचा आणि कोंबड्यांच्या जाळीच्या एकेका भोकात खोचायचा. अशी हजारो भोकं. रात्री एक वाजता चाळीस मुली जमिनीवर मांडी घालून जाळी भरत होत्या. मला आमच्या डोंबिवलीच्या वाडीतलं मखर आठवलं. फक्त तिथे चहा मिळायचा.

नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि लेक सहखजिनदार झाली. दोनशे ऐंशी मुली, त्यांचे ड्यूज (वर्गणी), कुणाचे थकलेले. फेब्रुवारीत रात्री अकराला फोन. एका मुलीच्या वडिलांची नोकरी गेली होती, दोन हप्ते राहिले होते, नियमाप्रमाणे तिला समज द्यायची होती. “तिला ऑफिसमध्ये बोलावू, की तिच्या खोलीवर जाऊ?” मी म्हटलं, खोलीवर जा आणि लॅपटॉप नेऊ नकोस. दोघींनी बसून हप्ते पाडले, वरच्या बाईंकडून मंजूर करून आणले. एकोणीस वर्षांची आहे ती. मी एकोणिसाव्या वर्षी बसचा पास काढायलाही बाबांना बरोबर न्यायचे. काका, याला नटवेगिरी म्हणतात का?

सडेतोड

छान लिहिलंय. ब्रोशर म्हणून छापायला हरकत नाही. दोन गोष्टी राहिल्या.

एक, आकडा. पैसे किती?

दोन, ‘संगणक जोड्या लावतो’ हे वाक्य फार निरागस आहे. याद्या संगणक लिहीत नाही. त्याच अलाबामात सप्टेंबर २०१३ मध्ये क्रिमसन व्हाइट या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने छापलं होतं, की उत्तम ग्रेडच्या कृष्णवर्णीय मुलीला चॅप्टरमधल्या मुली घ्यायला तयार असूनही माजी सदस्यांनी नाव काढायला लावलं. विद्यापीठाला पुन्हा बिड देणं सुरू करायला लावावं लागलं. २०१३! तुमची लेक तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. कांदेपोह्यांची उपमा तुम्ही गमतीत दिलीत, ती तंतोतंत लागू आहे. कांदेपोह्यांतही आवडनिवड मुलामुलीची असते, पण त्याआधी पोटजातीची चाळणी कोणीतरी लावलेली असतेच.

हॉस्टेल ब्लॉक ९

सगळे कपडे आणि पोहे यावरच बोलतायत. हेझिंग, म्हणजे इथलं रॅगिंग? मी १९९१ ला इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर आलो. पहिल्याच रात्री सिनियरांनी काडेपेटीतल्या काडीने कॉरिडॉर मोजायला लावला. चुकलो की पहिल्यापासून. पहाटे साडेतीनपर्यंत. आज हसायला येतं, तेव्हा घरी पत्र लिहिलं होतं, मला परत न्या. महाराष्ट्रात १९९९ ला रॅगिंगविरोधी कायदा आला, दोन वर्षांपर्यंत कैद. आणि ही महासत्ता! इथे महाविद्यालयांनी हेझिंगच्या घटना मोजून जाहीर कराव्यात एवढा साधा केंद्रीय कायदा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीतला (फ्रॅटर्निटी म्हणजे मुलग्यांची सोरॉरिटी) पहिल्या वर्षाचा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरात हेझिंगमध्ये मेला. आपल्यासारख्याच घरातला. आमटीताई, तुमच्या लेकीने तुम्हाला सगळं सांगितलंय याची खात्री आहे?

चिंचगुळाची आमटी

@सडेतोड, पहिल्या सेमिस्टरचे चार हजार डॉलर. राहणं वेगळं, टी-शर्ट वेगळे. दर कार्यक्रमाला नवा टी-शर्ट असतो, आमच्याकडे आता पोछा विकत घ्यावा लागत नाही. महाग आहे. पुढे?

२०१३ ची गोष्ट मला माहीत आहे, लेकीला पण. तिच्या बिड क्लासमध्ये, म्हणजे तिच्याबरोबर घेतलेल्या मुलींत, पाचजणी गोऱ्या नाहीत. तुम्ही म्हणाल पाचच. हो, पाचच.

@ब्लॉक ९, खात्री कोणत्या आईला असते? बिग-लिटलच्या आठवड्यात (नव्या मुलीला एक जुनी ‘ताई’ मिळते तेव्हा) एका रात्री डोळे बांधून गाडीतून नेलं, एवढं सांगितलं. कुठे, तर आइस्क्रीमच्या दुकानात. मी रात्रभर झोपले नाही, ती तीन स्कूप खाऊन आली. आता तिथे नव्या मुलींसाठी प्लेज हा शब्दही चालत नाही, ‘न्यू मेंबर’ म्हणायचं.

हॉस्टेल ब्लॉक ९

शब्द बदलला की झालं. आम्हालाही ते ‘इंट्रो’ म्हणायचे.

अण्णा न्यूजर्सी

मला एक कळत नाही. ठरावीक लोकांना आत घ्यायचं, वर्गणी घ्यायची, मीटिंगला न आलेल्याच्या नावाने बोटं मोडायची, जुन्या मंडळींनी नव्यांना शहाणपण शिकवायचं. हे आपल्या मंडळांत होत नाही काय? मी सतरा वर्षं कार्यकारिणीत होतो. फरक एवढाच, की त्या मुलींचा हिशोब जुळतो.

झणझणीत

अण्णा, कोणाच्या हिशोबाबद्दल बोलताय ते सगळ्यांना कळतंय. मागच्या गणपतीला मसालेभात दुपारी दीडलाच संपला, तीनशे माणसं वरण आणि पापडावर परत गेली. त्याचा हिशोब आधी द्या.

अण्णा न्यूजर्सी

मसालेभात संपला कारण नोंदणी चारशेची होती आणि आले सातशे! त्यातले निम्मे तिकीट न काढता. माझ्या हातातला झारा काढून घेऊन ज्या बाईंनी स्वतःच्या नातेवाइकांचे डबे भरले त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, संस्कार आडवे येतात.

झणझणीत

डबे भरले ते स्वयंसेवकांचे. सकाळी सहापासून वांगी चिरणाऱ्या बायकांना शेवटी जेवायला काय, अक्षता? आणि वांगी चिरायला एकही पुरुष नव्हता. सगळे ध्वनिव्यवस्था बघत होते. दोन माइकना नऊ पुरुष.

कोल्हापुरी ऑस्टिनला

मसालेभातात तोंडली हवीत. वांगी घातली की दुपारपर्यंत लगदा होतो.

झणझणीत

कोल्हापूरने मसालेभातावर बोलू नये.

अबोली

भाताचं झालं असेल तर मूळ मुद्द्याकडे येते. मी ओहायोत विद्यार्थ्यांच्या सल्लागार विभागात नोकरी करते, ही घरं रोज बघते. कपडे, पैसे, रंग, सगळं बोलून झालं. कोणी हे बोललं नाही : सोरॉरिटीच्या घरात दारूला बंदी असते. नॅशनल पॅनहेलेनिक या सोरॉरिटींच्या महासंघातल्या बहुतेक संस्थांचा तसा नियमच आहे. ऐकायला सोज्वळ वाटतं. पण म्हणून पार्ट्या बंद होतात का? त्या फ्रॅटर्निटीच्या घरात होतात. म्हणजे घर मुलग्यांचं, दार मुलग्यांच्या हातात, ग्लासात काय ओतलंय ते त्यांनाच माहीत, आणि परत कसं यायचं ही काळजी मुलींची. मुली मग शुद्धीत राहायच्या पाळ्या लावतात. दर शनिवारी चारजणी पाणी पिऊन कोपऱ्यात उभ्या राहतात आणि बाकीच्या मोजतात. कौतुकाची गोष्ट आहे. पण दीडशे वर्षांच्या भगिनीभावानंतर शनिवार रात्र अजून पोरांच्याच अंगणात जाते.

चिंचगुळाची आमटी

अबोली, हे खरं आहे. लेकीनेही पाळी केली आहे. मला उत्तर सुचत नाहीये आणि त्याचा राग येतोय.

पण सुरुवात तशी नव्हती. १८७० ला इंडियानात कप्पा अल्फा थीटा निघाली, तेव्हा त्या कॉलेजात मुलींना घ्यायला लागून तीनच वर्षं झाली होती आणि पोरांना मुली वर्गात नको होत्या. एकत्र राहिलो नाही तर टिकणार नाही म्हणून त्या मुलींनी आपलं काढलं.

सडेतोड

म्हणजे ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांनी स्वतःचं दार बांधलं आणि दुसऱ्यांना बाहेर ठेवलं. ही गोष्ट मी कुठेतरी ऐकलीय. बहुधा सगळीकडे.

दुसरी पिढी

नमस्कार. माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. तुम्ही सगळे मोठ्या घरांवाल्या सोरॉरिटीबद्दलच बोलता. आमची पण असते ना! १९९८ ह्या एकाच वर्षात देसी मुलींच्या तीन सोरॉरिटी सुरू झाल्या : ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, न्यूयॉर्कला सिग्मा सिग्मा रो. मी त्यातल्या एकीत होते. आमच्या चॅप्टरमध्ये एकूण चौदा मुली. घर नाही, खांब नाहीत, खजिनदार म्हणजे व्हेन्मो हे पैसे पाठवायचं अ‍ॅप. माझे आईबाबा तेव्हा दुसऱ्या स्टेटला होते. मला फ्लू झाला तर गुजराती, तेलुगू आणि केरळी अशा तीन आयांचं रसम-कढी माझ्या दाराशी. मीटिंगमध्ये आम्ही किती भांडलो! पण माझ्या लग्नात अंतरपाट धरायला त्यातलीच एक होती, आणि तिने तो उलटा धरला.

हॉस्टेल ब्लॉक ९

अंतरपाट मामा धरतात की भटजी यावर वेगळं बोलू. पण मग देसी मुलींनी देसींचीच काढली, हे पुन्हा तेच की. भारतातून निघालो ते काय इथे येऊन पुन्हा भारतीयांत बसायला?

दुसरी पिढी

काका, तुम्ही आत्ता कुठे बसलाय?

अण्णा न्यूजर्सी

😂 या मुलीला कार्यकारिणीत घ्या.

सडेतोड

ठीक. एवढं मान्य, की चौदा मुलींच्या रसमवर मला काही म्हणायचं नाही. आणि सहखजिनदारीचं मुलीला पुढे नक्की उपयोगी पडेल, निदान आपल्या मंडळाचा ताळेबंद वाचून दाखवेल. पण आमटीताई, एक सरळ प्रश्न. गेल्या वर्षी तुमची लेक दाराबाहेर उभी होती. येत्या ऑगस्टात ती आत उभी असणार, आणि रोज रात्री बाहेरच्या मुलींना गुण देणार. एखादी अडखळत बोलणारी, साधे कपडे, आईने डॉलर स्टोअरमधून आणलेले कानातले, अशी मुलगी समोर आली तर ती काय करेल? तिला विचारा आणि इथे लिहा.

चिंचगुळाची आमटी

विचारते.

झणझणीत

तोवर अण्णांनी मसालेभाताच्या तांदळाचा आकडा द्यावा. किती किलो शिजवला?

अण्णा न्यूजर्सी

३२. पावती आहे.

झणझणीत

३२ किलोत चारशे माणसं? भाजी-कोशिंबीर-पुरी असताना माणशी ऐंशी ग्रॅम म्हणजे भरपूर झाला की! मग गेला कुठे?

अण्णा न्यूजर्सी

तेच तर मी वर्षभर सांगतोय. डबे!!

चिंचगुळाची आमटी

@सडेतोड, विचारलं. जुलैच्या शेवटी वर्क वीकसाठी (रशच्या आधीच्या तयारीसाठी) निघणार आहे, बॅग भरत होती. प्रश्न पूर्ण ऐकून घेतला, थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आई, गुण कसे देतात ते बाहेर सांगता येत नाही. नियम आहे.”

मी म्हटलं, मी बाहेरची का?

“टेक्निकली, हो.”

घ्या. करा आनंद. मी चहा टाकते.