कॉन्टेम्प्लेशनला मराठीत काय म्हणायचं? चिंतन नको, प्लीज!

सांजवात:
नमस्कार मंडळी, एका शब्दाशी अडलेय. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपसाठी छोटीशी पुस्तिका मराठीत करतेय, विषय असा की मठातल्या कॅथलिक संन्याशांची जी शांत प्रार्थना असते ती नोकरी, घर, पोरं सांभाळणाऱ्या माणसाने रोजच्या धावपळीत कशी करायची. पहिल्याच पानावर कॉन्टेम्प्लेशन आलं, मी डोळे झाकून 'चिंतन' लिहिलं आणि पुढे गेले. तिसऱ्या पानावर मेडिटेशन आलं, तिथेही चिंतनच बसतंय! वाक्य काय झालं तर "चिंतन संपल्यावर चिंतन सुरू होते". ग्रुपमधल्या एका काकूंना वाचायला दिलं तर म्हणाल्या, अगं मी तर दिवसभर तेच करते, मुलाच्या ऍडमिशनचं चिंतन. हसले खरी, पण त्यांनी बरोबर बोट ठेवलंय, कारण आपल्या कानाला चिंतन म्हणजे विचार करणं, आणि इथे तर विचार थांबल्यावर जे उरतं त्याची गोष्ट चाललीय. काय वापरू?

मुळाक्षर:
आधी मूळ बघा ताई, अर्धं काम तिथेच होतं. लॅटिन कॉन्टेम्प्लात्सिओमध्ये 'टेम्प्लम' आहे. रोमन शकुन बघणारे लोक निरीक्षणासाठी आकाशाचा एक भाग आखून घ्यायचे, तो टेम्प्लम, आणि तिकडे नजर लावून बसायचं. म्हणजे हा शब्द मुळात डोळ्यांचा आहे, डोक्याचा नाही. मेडिटेशनचं उलट, मठांमध्ये त्याचा अर्थ बायबलमधलं वचन ओठांतल्या ओठांत घोळवत राहणं, म्हणजे ते तोंडाचं काम.
बाराव्या शतकात ग्वीगो दुसरा नावाचा कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या कॅथलिक मठसंघातला) संन्यासी होऊन गेला, त्याने चार पायऱ्यांची शिडी सांगितलीय : वाचन, मनन, प्रार्थना आणि मग कॉन्टेम्प्लेशन. समजावताना तो जेवणावर येतो. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेने चव लागते, आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. मठवासी तर मननाला सरळ रवंथच म्हणायचे, गाय करते तोच. म्हणून मेडिटेशनला मनन ठेवा, डोळे झाकून. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन हे त्रिकूट आहेच त्यामुळे कुणाला खटकणार नाही. भांडण फक्त चौथ्या पायरीचं उरतं.

आळशी_वाचक:
मग ध्यान म्हणा की. एवढं काय त्यात.

सांजवात:
तोच पहिला विचार आला होता, पण ध्यान म्हटलं की लोक मांडी घालून पाठ ताठ करून बसतात आणि श्वास मोजायला लागतात. म्हणजे ती एक करायची क्रिया होते, जमली किंवा नाही जमली. कॅथलिक परंपरा सांगते की हे आपण कमवायचं नाही, मिळतं, देणगी आहे. शिवाय "काय ध्यान आहे!" हाही अर्थ आहेच, पुस्तिकेत कुणीतरी नक्की हसणार.

मुळाक्षर:
ध्यानावर एवढा राग नको हां. "सुंदर ते ध्यान" मधलं ध्यान म्हणजे डोळे मिटून बसणं नाहीये, ते समोर उभं असलेलं रूप आहे, ज्याच्याकडे बघत राहावं असं. टेम्प्लमच्या जवळचं आहे की! पण आजच्या बोलण्यात तो अर्थ राहिला नाही हे मान्य.

पाटपाणी:
शब्द सोडा, स्पेनमधल्या आविलाची संन्यासिनी संत तेरेझा (१५१५ ते १५८२), तिचं पाणी बघा, ते मराठीत इतकं सहज येतं की मजा वाटते. ती म्हणते प्रार्थना म्हणजे बाग शिंपणं, आणि पाणी चार तऱ्हेने येतं. एक, विहिरीतून पोहऱ्याने शेंदायचं, हात भरून येतात, कधी विहीरच कोरडी. दोन, रहाट, ती स्पॅनिशमध्ये नोरिया म्हणते, आपलं रहाटगाडगंच ते, कष्ट कमी पाणी जास्त. तीन, ओढ्याचं किंवा नदीचं पाणी, आपण म्हणू पाटाचं, ते आपसूक येतं, माळ्याने फक्त वळवायचं. चार, पाऊस. तिथे माळ्याला काहीच करायचं नसतं. शेंदणं म्हणजे तुमचं मनन आणि पाऊस म्हणजे कॉन्टेम्प्लेशन, मधल्या दोन पायऱ्या मधल्या. वाचणाऱ्याला व्याख्या देऊच नका, हे चित्र द्या. ज्याने एकदा पाणी शेंदलंय त्याला फरक सांगावा लागत नाही.

सांजवात:
पाटपाणी, हे मी उचललं! पान ३ वर टाकते.

तिरकस:
थांबा, सगळे एकाच अर्थावर धावताय. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्याच्या साधनेच्या पुस्तकात (रोमची मान्यता १५४८) हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तिथे कॉन्टेम्प्लेशन म्हणजे शुभवर्तमानातला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करणं. येशूजन्माचा प्रसंग असेल तर नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की चढउताराचा, ती गुहा किती ठेंगणी, आणि तुम्ही स्वतः तिथे एक गरीब सेवक म्हणून हजर आहात, हाताखाली काय लागेल ते देताय. आणि स्पेनमधलाच संन्यासी क्रूसाचा संत योहान घ्या, इग्नेशियस गेला तेव्हा हा चौदा वर्षांचा असेल नसेल, तो म्हणतो कॉन्टेम्प्लेशन सुरू झालं की चित्रं सोडून द्या, आता ती आड येतात. एकच शब्द, एक म्हणतो चित्र रंगवा, दुसरा म्हणतो पुसा. एका मराठी शब्दात दोघं कोंबायला गेलात तर पुस्तिका स्वतःशीच भांडेल.

मुळाक्षर:
पॉइंट आहे. तरी दोघांत बघणं कॉमन आहे ना? एक चित्राकडे बघतो, दुसरा चित्राशिवाय, अंधारात. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात (१९९२) फ्रान्समधल्या आर्स गावच्या शेतकऱ्याची गोष्ट दिलीय. तो देवळात पवित्र साक्रामेंतासमोर (ज्या भाकरीत ख्रिस्त हजर आहे असं कॅथलिक मानतात, तिच्यासमोर) नुसता बसलेला असायचा. काय करतोस विचारलं तर म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. एवढंच. यात चिंतन कुठेय? 'निरखणं' कसं वाटतं? निरखायला घाई नसते, आणि ज्याच्यावर जीव आहे त्यालाच माणूस निरखतो. आई झोपलेल्या बाळाला निरखते, चिंतन नाही करत त्याचं. 'अवलोकन' म्हणाल तर तो शब्द आता सरकारी फाइलीतच राहिलाय.

सांजवात:
निरखणं! काल ट्राय केलं, शब्द नव्हे, प्रत्यक्ष. सिंकमध्ये भांडी साठली होती, आधी नेहमीप्रमाणे डोक्यात यादी, उद्याचा मेल, कुणाला काय बोलले, ते सगळं चिंतन जोरात चालू. मग म्हटलं फक्त बघू, पाण्याची धार, फेस, कढईचा तळ, आणि मनात एवढंच की तू इथे आहेस. अर्धा मिनिट टिकलं असेल, मग परत ऍडमिशन. (काकूंकडून लागण झाली बहुतेक.)
पण इथून नवीन प्रश्न आला. ब्रदर लॉरेन्स, सतराव्या शतकातला पॅरिसच्या कार्मेल मठातला स्वयंपाकी, पुढे वहाणा दुरुस्त करायचा, १६९१ मध्ये वारला. स्वयंपाकघराचा त्याला मुळात मनापासून तिटकारा, आणि तो म्हणतो की भांड्यांच्या खडखडाटात, चारजण चार गोष्टी मागत असतानाही देव माझ्याजवळ तितकाच असतो जितका साक्रामेंतापुढे गुडघे टेकल्यावर. ही सारखी जोडलेली तार, तिला निरखणं नाही म्हणता येत, हात आणि डोळे कामात आहेत ना.

पाटपाणी:
अनुसंधान. हिंदीवाले संशोधनाला म्हणतात ते विसरा, आपल्या संतांच्या मराठीत अनुसंधान म्हणजे काम करता करता आत धागा न तुटणं. तयार शब्द आहे, वापरा.

तिरकस:
याला मात्र माझी हरकत नाही, नोंद घ्या. इग्नेशियसचा सहकारी नादाल त्याच्याबद्दल म्हणायचा की हा काम करतानाही कॉन्टेम्प्लेटिव्ह असतो, तिथेही अनुसंधान फिट बसतं. आता एक्झामेन, म्हणजे इग्नेशियसची दिवसाकडे मागे वळून बघायची प्रार्थना, आलं असेल तर त्याला 'आत्मपरीक्षण' करू नका, ऐकूनच नापास झाल्यासारखं वाटतं. तिथे सुरुवात आभारापासून आहे, मग देवाकडे उजेड मागून तास न् तास मागे जायचं, चुका त्यानंतर. 'दिवसाची उजळणी' म्हणा.

सांजवात:
उजळणी मस्त, आत उजेडही आहे. तर ठरलं : मेडिटेशन मनन, कॉन्टेम्प्लेशन निरखणं, कामातलं ते अनुसंधान, एक्झामेन उजळणी, आणि इग्नेशियससाठी सरळ 'प्रसंगात शिरणं' लिहिते. फक्त पान ५ वर कॉन्टेम्प्लेटिव्ह हे विशेषण माणसाला लावलंय. 'निरखणारा माणूस' केलं तर शेजाऱ्यावर नजर ठेवणारा वाटतो हो. सुचवा काहीतरी, प्रिंटला शुक्रवारी जातंय.