कालव्यांचे जुने कागद: घरच्या पेटीत ठेवायचे की सगळ्यांसमोर आणायचे?

नीराकाठ
वडील नीरा डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. ते गेल्यावर यंदा त्यांची माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत गेजच्या, म्हणजे कालव्यातल्या पाण्याच्या पातळीच्या नोंदींच्या २१ वह्या, ट्रेसिंग क्लॉथवर शाईने काढलेले कालव्याचे चार उभे छेद (लांबीभरचा चढउतार दाखवणारे नकाशे), कडा कुरतडलेले काही फेरो प्रिंट (निळ्या कागदावरच्या नकाशाच्या प्रती) आणि सुतळीने बांधलेला पाणी अर्जांचा गठ्ठा. १९६८ च्या वहीत एका पानावर सकाळ-संध्याकाळचं गेज फूट-इंचांत लिहिलंय आणि समासात पेन्सिलीने ओळ आहे: "मोरीच्या खालच्या अंगाला खेकड्याचं भोक, पाझर सुरू. गोण्या टाकल्या. रात्री थांबलो."

असे कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले करावेत, मूळ प्रती हव्या तर घरीच ठेवाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, हे कुठेही वाचायला मिळतं. पण कालवा रोज चालवला कसा, गळला कुठे, रात्री कंदील घेऊन बांधावर कोण उभं राहिलं, हे फक्त अशा वह्यांत सापडतं. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात मुठा उजवा कालवा फुटला, दांडेकर पुलाकडच्या वस्तीत पाणी शिरलं, घरंच्या घरं चिखलात गेली. तेव्हाही खेकड्यांनी आणि उंदरांनी भराव पोखरल्याचा विषय निघालाच होता. इतक्या जुन्या भरावात कुठली जागा पहिल्यापासून कच्ची आहे, हे सांगणारी वही कुणाच्या तरी माळ्यावर असेल. तिथे पडून तिचा कुणाला काय उपयोग?

निवृत्त शाखा अभियंता
तुमच्या वडिलांना नमस्कार. अशा माणसांच्या जिवावर आम्ही कालवे चालवले. पण गेजच्या वह्या आणि छेद हे सरकारी दप्तर आहे, घरची मालमत्ता नाही. बदली असो की निवृत्ती, चार्ज देताना ते यादीसह सोपवायचं असतं. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम याचसाठी आहे. आधी विभागाला कळवा, रीतसर परत करा, मग स्कॅनिंगचं बघू. दरवाजे आणि एस्केपची (जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेची) रेखाचित्रं अशी उघड्यावर टाकणं मला तरी पटत नाही.

नीराकाठ
साहेब, नियम मान्य. पण ऑफिस नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुनं दप्तर टेम्पो भरून रद्दीत निघालं होतं. वडिलांनी वरिष्ठांना विचारलं आणि जेवढं सायकलच्या कॅरियरवर मावलं तेवढं घरी आणलं. नसतं आणलं तर आज परत करायला काय होतं?

जुनी पेठ
परत करा नाहीतर ठेवा, पण दुसरी प्रत आजच्या आज काढा. आमचा वाडा नदीजवळ होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं. आजोबांनी जमवलेले कालव्याच्या कामांचे फोटो, नकाशे, पत्रं सगळं एका दुपारीत गेलं. दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. आजोबा नंतर त्या फोटोंबद्दल कधी बोललेच नाहीत.

टेलचा शेतकरी
माझा विरोध आहे, आणि तो नियमासाठी नाही.

आम्ही इंदापूरकडचे, टेलचे म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, शेवटच्या चारीवरचे (चारी म्हणजे शेताकडे पाणी नेणारा पाट). तुमच्या त्या गठ्ठ्यात पाणीचोरीचे पंचनामेही असणार, आणि एखाद्यात माझ्या आजोबांचं नाव निघेल. ७२ च्या दुष्काळात पाणी टेलपर्यंत यायचंच नाही. रात्री चारी फोडली म्हणून दावणीची दोन जनावरं जगली. पंचनाम्यात एवढंच येतं की अमक्याने चारी फोडली. वरच्या अंगाला पाणी कुठे मुरलं, ते त्यात नसतं. असा कागद सगळ्यांसमोर आला की उद्या गावच्या निवडणुकीत तो वाचून दाखवतील. सोयरिकी मोडतात अशाने. माणसं वारली, पण नावं गावात आहेत.

आणि उघडायचंच असेल तर ब्लॉकच्या याद्या आधी उघडा. ठरावीक गटांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी आणि त्यातल्या ठरावीक क्षेत्राला ऊस, ही पद्धत विश्वेश्वरय्यांच्या काळात नीरेवर आली. ब्लॉक कुणाला मंजूर झाले आणि कुणाचे अर्ज परत आले, हा आमच्या भागाचा खरा इतिहास आहे. फुटक्या चारीवर पकडलेल्या माणसाचं नाव मात्र लगेच सापडतं.

मोडी वाचक
दोन्ही बाजू वाचल्या. मी जुने कागद लावायचं काम करतो, म्हणून एवढंच सांगतो की घाई करू नका. सुतळी सोडण्याआधी गठ्ठ्याचा फोटो घ्या. कागद ज्या क्रमाने बांधलेत तो क्रम मोडू नका. कुठल्या अर्जामागे कुठला पंचनामा लागलाय, त्यातच निम्मी माहिती असते. प्रत्येक पानाला पेन्सिलीने क्रमांक द्या, मागची बाजूही स्कॅन करा. फेरो उजेडात फिके पडतात, ते अंधारात आणि कोरडे ठेवा. लॅमिनेशन मुळीच नको, सेलोटेप तर नकोच. नुसत्या स्कॅनचा ढीग इंटरनेटवर टाकला आणि वही कुणाची, कुठल्या मैलाची, कुठल्या चौकीची हे लिहिलं नाही, तर दहा वर्षांनी तो ढीगही रद्दीच. जुन्या अर्जांत मोडी असेल तर मी वाचून देईन.

पांझरेची लेक
माझं माहेर धुळे जिल्ह्यात, फडाच्या थळातलं. थळ म्हणजे एका बंधाऱ्याखाली भिजणारं शिवार, आणि फड म्हणजे त्यातला एकाच पिकाचा पट्टा. पांझरेवर, मोसमवर बंधारे घालून गावानेच पाणी वाटायची ही पद्धत काही शतकांची. आमच्याकडे इंजिनियरची ट्रेसिंग नाहीत. पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांच्या डोक्यात सगळं होतं: कुणाचं बारं (पाण्याची पाळी) कधी, कुठला फड यंदा उसाचा. पंचांकडे एक लाल बासनातली वही होती. बाहेरून काही अभ्यासक आले, "फोटो काढून आणून देतो" म्हणाले आणि वही घेऊन गेले. ती परत आली नाही. म्हणून खुलं करा, खुलं करा असं कुणी म्हटलं की मला आधी भीती वाटते. ती वही एका घराची नव्हती, सगळ्या फडाची होती. कुणी एकट्याने ती देऊन टाकायची नव्हती.

आणखी एक. या सगळ्या चोपड्यांत माती वाहणाऱ्या बायका कुठे आहेत? मस्टरवर (मजुरांच्या हजेरीपटावर) अंगठ्याचा ठसा, तेवढंच. माझ्या आजीने ७२ ला कालव्याच्या खोदाईवर काम केलं. तिच्याकडे कागद नव्हता, तिला कुणी विचारलंही नाही. पेटी उघडाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही शेजारी बसवा.

निवृत्त शाखा अभियंता
रद्दीचा प्रकार मी स्वतः पाहिलाय, तेव्हा नुसत्या नियमाचा आग्रह धरत नाही. विभागाला यादीसह पत्र द्या आणि पोच घ्या. त्यांनी मागितलं तर मूळ प्रती द्या, पण स्कॅन आधी करून ठेवा. दरवाजांची रेखाचित्रं मात्र अजूनही नको म्हणतो. गेजच्या वह्यांना माझी हरकत नाही. त्या बाहेर आल्या तर आजच्या पोरांना कळेल की बांधावर चालत जाऊन गेज घ्यायचं म्हणजे काय.

नीराकाठ
तीन दिवस गठ्ठा सुतळीतच ठेवला होता. काल मोडी वाचकांनी सांगितलं तसे फोटो घेऊन सोडला.

ठरवलं ते सांगतो. गेजच्या वह्या आणि उभे छेद पूर्ण स्कॅन करणार, दरवाजांची पानं वगळून. प्रत्येक वहीवर वडिलांचं पद, चौकी आणि मैल लिहिणार. विभागाला पत्र गेलं. आईचं बोलणं रेकॉर्ड करतोय. १९६८ ची ती रात्र तिला पाठ आहे, कारण वडील सकाळी चिखलाने माखून घरी आले आणि चहा न घेता झोपले.

गठ्ठ्यात ब्लॉकची एक यादी निघाली. त्यात माझ्या सासुरवाडीचं नाव वरून तिसरं आहे. ती टाकणार. घरी बोललोय, सोपं गेलं नाही.

टेलचे भाऊ, पंचनामे सात आहेत. ते कुठेही टाकणार नाही. ज्या घरचा असेल त्या घराला दाखवायचा आणि त्यांची बाजू लिहून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यातला एक १९७२ चा, तुमच्या बाजूच्या चारीवरचा वाटतो. नाव मी इथे लिहीत नाही.

टेलचा शेतकरी
फोटो मला एकट्याला पाठवा. आजोबा नाहीत, पण आई त्या वर्षी नवी सून होऊन आली होती. चारीवर कंदील तिनेच धरला होता म्हणते. तिला वाचून दाखवतो आणि ती सांगेल तसं लिहून घेतो.