नोकरी सोडली, पण दुकानात अजून माझंच सर्टिफिकेट टांगलेलं आहे

मालवणची_सून:
नमस्कार. डी.फार्म करून महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी घेतली त्याला नऊ वर्षं झाली. देवगडकडे एका मेडिकलमध्ये फार्मसिस्ट होते. गणपतीआधी नोकरी सोडून मालवणात सासरी आले. राजीनामा व्हॉट्सॲपवर पाठवला, मालक "बरं" म्हणाले. नंतर फोन आला, "दुसरं कोणी मिळेपर्यंत सर्टिफिकेट राहू दे, महिन्याला काहीतरी पाठवत जाईन." मी स्पष्ट नाही म्हटलं नाही. पैसे मात्र एकदाही घेतले नाहीत.

काल तिथल्या मावशीने बिलाचा फोटो पाठवला. अल्प्राझोलामची (चिंता, घबराटीवरच्या गोळ्यांची) पट्टी, डॉक्टरची चिठ्ठी न विचारता दिलेली. बिलाखाली माझ्या नावाचा, नोंदणी क्रमांकाचा शिक्का आणि त्यावर कुणाची तरी सही. माझी नाही. रात्रभर झोप नाही. कौन्सिल माझं नाव काढेल का?

काउंटर_चिपळूण:
ताई, आधी दोन दारं वेगळी करा. दुकानाचं लायसन्स अन्न व औषध प्रशासनाचं. ते निलंबित किंवा रद्द करणं त्यांचं काम. तुमची नोंदणी कौन्सिलची, 1948च्या फार्मसी कायद्याखाली. त्याच्या कलम 36 प्रमाणे व्यवसायातल्या गंभीर गैरवर्तनासाठी नाव काढता येतं. पण एका फटक्यात नाही. आधी म्हणणं मांडायची संधी, मग कार्यकारी समितीचा आदेश, मग कौन्सिलची मंजुरी, आणि मंजुरीनंतर तीन महिने तो लागू होत नाही. मंजुरी कळल्यापासून 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. नाव गेलंच तर सर्टिफिकेट परत द्यावं लागतं आणि राजपत्रात नाव छापून येतं.

माझ्या वर्गातल्या एकाने असंच सर्टिफिकेट दिलं होतं. तपासणी झाली तेव्हा तो लोट्याला कारखान्यात कामावर. इकडे बिलांवर त्याची सही, तिकडे हजेरीपटावर त्याच दिवशीची त्याचीच सही. सुनावणीत दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्याला बोलायला काही उरलंच नाही. हुशार मुलगा होता हो, डोसची चूक आमच्या आधी पकडायचा. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत हे चांगलं, पण गप्प राहणं हीच तुमची संमती समजतील. आजच मालकांना लेखी राजीनामा रजिस्टर पोस्टाने पाठवा, शेवटच्या हजर दिवसाची तारीख टाकून. प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या, पोच घ्या. एक प्रत कौन्सिलच्या रजिस्ट्रारला. बिलाच्या फोटोबद्दलही लिहा, लपवू नका. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीतलं आहे. त्याच्या वेगळ्या रजिस्टरात डॉक्टर, रुग्ण, औषध, मात्रा लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. चिठ्ठीच नाही तर तिथे काय लिहिलं असेल?

वेंगुर्ल्याचा_दुकानदार:
मी मालक आहे, फार्मसिस्ट नाही. माणूस मिळत नाही हे खरं, मुलं गोव्याला किंवा मुंबईला जातात. पण आमची फार्मसिस्ट दुपारी जेवायला गेली की चिठ्ठीवरचं औषध मी देत नाही. लोक चिडतात. एक आजोबा तर काठी आपटून गेले आणि चार वाजता परत आले. चिठ्ठीवरचं औषध फार्मसिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, हा औषध नियमांतला 65वा नियम. गो बाये, त्या माणसाची भीड धरू नको.

मालवणची_सून:
दोघांचे मनापासून आभार. पत्र लिहिलं, नवऱ्याने वाचून पाहिलं. एक विचारते: शेवटचा दिवस म्हणून राजीनाम्याचा लिहू की प्रत्यक्ष काउंटरवर उभी होते तो? राजीनामा शनिवारी पाठवला, पण गुरुवारपासूनच मी गेले नव्हते.

काउंटर_चिपळूण:
बुधवारचाच लिहा. आणि गुरुवार ते शनिवार दुकानात नव्हतात हेही वेगळ्या ओळीत लिहा. त्या तीन दिवसांतही तुमच्या नावाची बिलं फाटली असतील.