पत्रिका वाटपाची फेरी: नेसरी आधी की निपाणी आधी?

ग्रुप: दादाचं लग्न – तयारी

अण्णा: पत्रिका छापून आल्या. येत्या रविवारी बेळगावातनं निपाणीकडची फेरी मारून टाकूया. बाळ्या, गाडी मोकळी आहे का?

बाळ्या: आहे अण्णा. पण कुठं कुठं जायचं ते आधी लिहून द्या. गाडीत बसल्यावर एकेक गाव आठवायला नको.

काकू: शिनोळी, हलकर्णी, अडकूर, नेसरी, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी. काकती पण. कोवाडच्या आक्का राहिल्या बघा. त्यांना पत्रिका पोस्टानं पाठवली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

पिंकी: थांबा, मी गुगल मॅपवर घालून बघते.

पिंकी: हलकर्णी कुठली? तीन दाखवतंय. एक चंदगड तालुक्यात, एक गडहिंग्लज तालुक्यात, एक खानापूरला लागून.

काकू: आपली गं. वन्संची.

पिंकी: काकू, तिथं "आपली" टाइप करून चालत नाही 😀

खानापूर आत्या: खानापूरची हलकर्णी माझ्याकडच्या यादीत आहे. ती तुम्ही घेऊ नका.

काकू: साखर कारखान्याजवळची. दौलत, दौलत. फाट्यावरनं आत.

पिंकी: मग चंदगडची. बरं झालं विचारलं. पहिलं दिसलं ते दाबून बसले असते तर बाळ्यादादा निम्म्या दिवसात खानापूरला पोचला असता.

पिंकी: ज्यांच्या घरी जायचंय त्यांनी व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका. गावाचं नाव टाकलं तर मॅप गावात कुठंतरी मधोमध नेऊन सोडतो. घरापर्यंत जायचं तर घराचीच पिन पाहिजे.

अडकूर काका: 📍 लोकेशन

अडकूर काका: आलं का बघ.

पिंकी: काका, हे पिंपरीत दाखवतंय.

अडकूर काका: व्हय, मी थोरल्याकडं आलोय. शुक्रवारी परत जाणार.

बाळ्या: 😂😂

पिंकी: काका, "करंट लोकेशन" म्हणजे आत्ता फोन आहे तिथलं. घरी नसाल तर मॅप उघडा, सॅटेलाइटचं चित्र लावा, आपलं छप्पर शोधा आणि त्यावर बोट दाबून धरा. लाल खूण पडेल, तीच शेअर करा.

अडकूर काका: छप्परं सगळी सारखीच दिसालेत गा.

पिंकी: विहीर दिसते का? विहिरीच्या पलीकडं निळा पत्रा, तो तुमचा गोठा ना? त्याच्या डावीकडं कौलं.

अडकूर काका: बरोब्बर! ती पांढरी ठिपकी म्हणजे आमची गाडी काय की.

पिंकी: झालं मग. पिन तिथंच ठेवते. लाल खूण टाकली की खाली प्लस कोडही येतो: काही इंग्रजी अक्षरं-आकडे, मधे अधिकचं चिन्ह, पुढं गावाचं नाव. तो साध्या मेसेजमध्ये लिहून पाठवला तरी चालतो. मळ्यात राहणाऱ्यांना त्याचा फार उपयोग, तिकडं घर नंबर सांगून काय करणार.

अण्णा: रस्ता पडला का?

पिंकी: पडला, पण एकेक अडचण आहे. मॅपमध्ये सुरुवातीचं ठिकाण धरून दहाच जागा बसतात. आपलं घर, कपिलेश्वराचं देऊळ, सात गावं, परत घर. भरलं. काकती आणि कोवाड बाहेर राहिले.

काकू: पहिली पत्रिका कपिलेश्वराला, ते हलवायचं नाही.

अण्णा: काकती शहराच्या फेरीत घाला. जवळच आहे ते.

पिंकी: चालेल. कोवाड मात्र त्रास देतंय. आडव्या रस्त्याला पडतं. मधे घातलं की मॅप गाडी वळवून लांबून आणतो. एका घरासाठी बराच वेळ जाईल.

छोटू: मी शिनोळी एमआयडीसीत रोज असतोच की. एका संध्याकाळी मोटरसायकलवरनं कोवाड करून येतो. आक्कांना सांगा, चहा नको, जेवूनच जाईन.

काकू: शिनोळीचं घर पण करशील?

छोटू: ते नको. तिथं अण्णांनीच गेलं पाहिजे. मागचं माहीत आहे ना.

काकू: हो हो. ते राहू दे.

पिंकी: आता क्रम. मॅप आपणहून क्रम लावत नाही हे लक्षात ठेवा. ज्या क्रमानं आपण घालू त्याच क्रमानं तो नेतो. मी काकूंच्या यादीप्रमाणं घातलं असतं तर ठीक, पण अण्णांनी फोनवर सांगितलेल्या क्रमानं घातलं तर गडहिंग्लजवरनं नेसरी, नेसरीवरनं परत संकेश्वर असं काहीतरी झालं. थांब्याच्या नावाशेजारी दोन-तीन रेघा असतात, त्या धरून ओळ वरखाली सरकवायची आणि खाली किलोमीटर बघायचे. घर आणि कपिलेश्वर सोडलं तरी सात गावांचे क्रम 5,040 होतात. सगळे कोण बघत बसणार. आपल्याला रस्ते माहीत आहेत म्हणून दोनच उरले.

पिंकी: एक: काकतीवरनं हायवे धरायचा, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट उतरून निपाणी, मग मागं संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी, अडकूर, हलकर्णी, शिनोळी, घर. दोन: हेच उलटं. हिंडलग्यावरनं शिनोळी आधी, निपाणी शेवटी. किलोमीटर जवळजवळ सारखेच, दोनशेच्या आसपास. टोल पण दोन्हीकडनं एकदाच, हत्तरगीचा. कोगनोळीच्या टोलपर्यंत आपण जातच नाही.

अण्णा: मग हायवेनंच जाऊ सुरुवातीला. सकाळी रस्ता मोकळा असतो. दहाला निपाणी.

आबा: आणि नेसरीला कधी?

पिंकी: संध्याकाळी चारनंतर, आबा.

आबा: मामाला पत्रिका संध्याकाळी? निपाणी, संकेश्वर, सगळा गाव फिरून झाल्यावर?

नेसरी मामा: अहो आबा, माझं काही म्हणणं नाही. पोरं सोयीनं येऊ देत.

काकू: दादा म्हणणं नाही म्हणतोय म्हणजे आहे 😀

आबा: देवाला, मग मामाला. मधे वाटेतली दोन घरं झाली तर झाली. पण निपाणीची माणसं मामाच्या आधी नकोत. मॅपला काय कळतंय त्यातलं.

बाळ्या: मी पण उलटंच म्हणणार होतो, कारण वेगळं. आता ऊस चालू आहे. अंधार पडल्यावर गडहिंग्लज–नेसरी रस्त्यावर ट्रॉल्या असतात, एकामागं एक दोन जोडलेल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला. समोरनं लाइट पडला की ट्रॉली दिसतच नाही, नुसता ऊस हलताना दिसतो, तोवर आपण जवळ पोचलेलो. मॅप तिथं रस्ता निळा दाखवणार, कारण ट्रॅफिक नाहीच. रात्रीचं चालवायचं तर हायवेवरनं चालवीन. संकेश्वरच्या आसपास हायवेवरही ट्रॉल्या असतात, पण बाजूनं काढायला जागा असते.

अण्णा: हे पटलं.

निपाणी वहिनी: आम्हाला पण संध्याकाळच बरी. हे सहाच्या आधी दुकानातून येत नाहीत. सकाळी आला असता तर पत्रिका माझ्याच हातात पडली असती.

पिंकी: मग ठरलं, उलटं. आता वेळेचं ऐका. मॅप पाच तास आणि वर काही मिनिटं दाखवतोय. ते नुसतं चालवायचं. कुठल्या घरी किती वेळ बसणार ते त्याला सांगायची सोयच नाही. आणि एकापेक्षा जास्त थांबे घातले की किती वाजता निघणार हे पण घालता येत नाही. म्हणून मी संकेश्वर–निपाणी आणि निपाणी–बेळगाव हे तुकडे वेगळे काढून रविवार संध्याकाळची वेळ लावून बघितले. बाकीचा हिशेब वहीत. निपाणीच्या आधी सहा घरं, प्रत्येकी चाळीस मिनिटं धरली तर चार तास. एक तास जेवण. साडेआठला निघालात तर निपाणी सहाला.

काकू: चाळीस मिनिटं? गडहिंग्लजला पोहे खाल्ल्याशिवाय सोडतात का?

पिंकी: पोहे चाळीस मिनिटांत धरलेत. आंबोळ्या असतील तर आधी कळवा.

बाळ्या: शिनोळीला अण्णा पाच मिनिटांत उठतील. ती पस्तीस मिनिटं गडहिंग्लजला द्या.

अण्णा: बाळ्या.

बाळ्या: 🙏

अण्णा: टोल टाळायचं बटण असतं म्हणे?

बाळ्या: असतं, पण ते लावू नका. हत्तरगी चुकवायला गावागावांतनं नेतं. रात्री तेवढ्यासाठी कुणी शेताच्या बांधावरनं जायचं. आणि पिंकी, लिंक कारची पाठव हां. तुझा फोन कायम टू-व्हीलरवर असतो.

पिंकी: बदललंय. दुचाकीचा रस्ता बोळातनं पण काढतो, तुझी गाडी तिथं अडकेल. चारचाकीला अरुंद रस्ता टाळून द्यायची सोय जुलै 2024 मध्ये आठ शहरांत सुरू झाली होती, त्यात आपलं बेळगाव नव्हतं. शहापूर, वडगाव, खासबागच्या पत्रिका मी आणि ताई स्कूटरवरनं करतो, तिथं दुचाकीचाच रस्ता बरा. घरं दहापेक्षा जास्त आहेत म्हणून दोन लिंका केल्यात. पहिली अनगोळला संपते, दुसरी तिथूनच सुरू होते.

काकू: शनिवारी जाऊ नका, बाजार असतो. आणि विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आठवड्यात पण नको, कधी कुठला रस्ता बंद करतील सांगता येत नाही.

खानापूर आत्या: आमच्याकडची फेरी?

पिंकी: ती सोपी आहे आत्या. पिरनवाडीवरनं जांबोटी, तिथून खानापूर, तुमची हलकर्णी, नंदगड, हलशी आणि गणेबैलवरनं परत. दुसऱ्या रविवारी. जांबोटीच्या बाजूला रेंज जाते, म्हणून त्या भागाचा मॅप आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्यायला सांगा कुणाला तरी. मग नेट गेलं तरी रस्ता दाखवतो, फक्त ट्रॅफिक कळत नाही.

खानापूर आत्या: हलशीला नृसिंहाचं दर्शन घेऊनच या म्हणावं. एवढं जवळ येऊन तसंच परत फिरू नका.

आबा: तसं असेल तर नेसरीच्या खिंडीत पण थांबा. प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. 1674 ची गोष्ट. पोरं फोनमध्ये बघत पुढं निघून जातात.

पिंकी: आबा, दहा जागा भरल्यात.

बाळ्या: खिंडीसाठी मॅप कशाला लागतोय. आबा, मी थांबवतो गाडी.

पिंकी: 🔗 रविवार – कार – अंतिम

पिंकी: लिंक उघडली की सगळे थांबे क्रमानं दिसतील. त्यात आता कुणी काही सरकवू नका. एका घरातनं बाहेर पडलात की पुढच्या घरी फोन लावायचा, हे काम अण्णांचं.

अण्णा: बघितली. हलकर्णी बरोबर आहे ना?

पिंकी: चंदगडची. कारखान्याजवळची. वन्संची.

काकू: कुंद्याचे डबे किती घेऊ?

अण्णा: सात घरं, सात डबे. नेसरीला दोन. आठ घे.

नेसरी मामा: जेवण आमच्याकडंच. साडेबाराला पानं वाढतो. किती माणसं?

अण्णा: तीन.

नेसरी मामा: ड्रायव्हर धरून?

बाळ्या: मामा, ड्रायव्हर मीच आहे. मटण असलं तर चार धरा.