होळकर दरबारातला रेसिडेंट म्हणजे राजदूतच का?

माळवेकर (इंदूर): रेसिडेन्सी कोठीवरून वाद चाललाय. रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीला, राजदूत म्हणायचं का?

दफ्तरी: नाही हो. इंग्रजांशी झालेल्या 1818 च्या मंदसौर तहाने होळकरांना इतर राज्यांकडे परस्पर वकील (म्हणजे दूत) पाठवायची मुभाच उरली नाही. खरी वकिली त्याआधीची: पेशव्यांचे हिंगणे दिल्लीत, गोविंदराव काळे हैदराबादेत.

बडोदेकर: राजदूत यजमान देशाला नाकारता येतो, आणि कारणही द्यावं लागत नाही (राजनैतिक संबंधांचा व्हिएन्ना करार 1961, कलम 4). म्हणून नाव आधी गुपचूप कळवतात; आधीच जाहीर केलं आणि नकार आला की नाचक्की! मग अधिकारपत्राची (राजदूताच्या नेमणुकीच्या पत्राची) नक्कल परराष्ट्र खात्याकडे, मूळ प्रत राष्ट्रप्रमुखांच्या हाती. सोबत बहुधा आधीच्या राजदूताचं परत बोलावणीचं पत्र.

माळवेकर: म्हणजे नाकारायची सोय हाच फरक; होळकरांना रेसिडेंट नाकारायची ती सोय नव्हती. पटलं.